दहा आकड्यांचे कुंपण

पूर्वी आपल्याकडे माणसाची ओळख करून घेताना गाव कोणते, आडनाव काय, अमक्याचे तुम्ही कोण, असे प्रश्न विचारले जात. आता पहिला प्रश्न असतो, "मोबाइल नंबर सांगा." दुकानात बिल करायचे असो, दवाखान्यात केसपेपर काढायचा असो, गॅसचा सिलिंडर नोंदवायचा असो की नाटकाचे तिकीट काढायचे असो, नावाच्या आधी नंबर लागतो. काउंटरवरची मुलगी मान वर न करता विचारते आणि आपणही पाढे म्हणावेत तसे दहा आकडे म्हणून मोकळे होतो. छापील अर्ज असेल तर त्यावर दहा चौकटी आखलेल्या असतात. ॲप असेल तर एकच लांबट चौकट असते, पण तिच्या डाव्या कोपऱ्यात +९१ आधीच छापलेले असते आणि उजवीकडे दहाच आकडे मावतील अशी व्यवस्था केलेली असते.

ज्यांचे सारे गणगोत इथेच आहे, त्यांना ही चौकट कधी खुपत नाही. पण ज्या घरातला एक मुलगा दुबईत आहे, मुलगी सिंगापूरला आहे किंवा भाऊ न्यू जर्सीत आहे, त्या घरात ही चौकट रोज कुठे ना कुठे आडवी येते. आणि अशी घरे आता काही थोडी नाहीत. पुण्या-मुंबईच्या एखाद्या सोसायटीत मजल्यागणिक एक तरी सापडेल. गोव्यात तर लिस्बनला, आखातात किंवा इंग्लंडात कुणी नाही असे गाव शोधावे लागेल. या सगळ्यांचे आपल्या माणसांशी बोलणे रोज होते, चेहरेही दिसतात. अडते ते फक्त अर्ज भरताना. माणूस आपला आहे, त्याचा फोन लागतो आहे, पण त्याचा नंबर चौकटीत बसत नाही.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात बरीच वर्षे काढली आहेत. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासणे, त्यातल्या खोड्या शोधून काढणे हे माझे काम. त्यामुळे ही चौकट अशी का बनते, ती बनवणारा काय समजून बनवतो आणि ती नीट बनवायची तर काय करावे लागते, हे मला जवळून पाहता आले. बाहेरून अगदी किरकोळ वाटणारा हा विषय आत शिरल्यावर चांगलाच गुंतागुंतीचा निघतो. म्हणूनच तो आज रविवारच्या निवांत वेळी सांगावासा वाटला.

सुरुवात थोडी मागून करायला हवी. परगावी फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहायची, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना 'लाइटनिंग' आणि 'पीपी' हे शब्द अजून आठवत असतील. मध्ये ऑपरेटर असे आणि नंबर कसा लावायचा ही चिंता त्याची असे. आपल्या देशात ऑपरेटरच्या मदतीशिवाय थेट परगावी फोन लावण्याची, म्हणजे एसटीडीची सोय प्रथम झाली ती नोव्हेंबर १९६० मध्ये, कानपूर आणि लखनौ या दोन शहरांच्या दरम्यान. तेव्हापासून नंबरातले व्याकरण हळूहळू आपल्या गळ्यात पडले. आधी शून्य, मग गावाचा कोड, मग नंबर. मुंबईचा ०२२, नागपूरचा ०७१२. पुण्याचा ०२१२ जाऊन ०२० झाला तेव्हा किती जणांना दुकानाच्या पाट्या पुन्हा रंगवाव्या लागल्या! पुढे पिवळ्या पाट्यांची एसटीडी-आयएसडी बूथ गल्लोगल्ली उघडली. तिथल्या भिंतीवर देशांच्या कोडांचा तक्ता चिकटवलेला असे. परदेशी फोन करायचा तर आधी दोन शून्ये, मग देशाचा कोड, हे तिथे येणाऱ्या कोणत्याही आजीला ठाऊक असे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला आणि नंबर भिंतीवरून खिशात आला. नंबर फोनमध्येच साठवला जाऊ लागला, तो पाठ असण्याची गरज संपली आणि व्याकरणही विसरले गेले. आज ॲप बनवणाऱ्या पंचविशीतल्या मुलाने ना ट्रंक कॉल पाहिला, ना बूथमधला तो तक्ता. त्याच्या लेखी फोन नंबर म्हणजे दहा आकडे.

प्रत्यक्षात जगाचा हिशेब निराळा आहे. जिनिव्हाला इंटरनॅशनल टेलिकम्युनिकेशन युनियन नावाची संस्था आहे. ती १८६५ साली तारायंत्राच्या काळात स्थापन झाली आणि आज संयुक्त राष्ट्रसंघाच्या कुटुंबात आहे. देशांना कोड देण्याचे काम तिचे. १९६० च्या दशकात तिच्या छत्राखाली जगाचे नऊ विभाग पाडण्यात आले. १ उत्तर अमेरिकेला, २ मुख्यतः आफ्रिकेला, ३ आणि ४ युरोपला, ५ दक्षिण व मध्य अमेरिकेला, ६ आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाच्या बाजूला, ७ तेव्हाच्या सोव्हिएत संघाला, ८ पूर्व आशियाला आणि ९ पश्चिम व दक्षिण आशियाला. म्हणून आपण ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४ आणि म्यानमार ९५. आखातातली मंडळी नऊच्याच घरात, पण तीन आकडी: अमिराती ९७१, कुवेत ९६५, ओमान ९६८, कतार ९७४. नियम असा की देशाचा कोड धरून पूर्ण नंबर जास्तीत जास्त पंधरा आकड्यांचा असावा. जास्तीत जास्त पंधरा. अमुकच असावा, असे कुठेही म्हटलेले नाही.

या कोडांत जगाचा इतिहासही दडलेला आहे. पूर्व जर्मनीचा कोड ३७ होता. जर्मनी एक झाली, तो कोड मोकळा झाला आणि त्याचे तुकडे करून लिथुआनिया ३७०, लाटव्हिया ३७१, एस्टोनिया ३७२ अशी नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची सोय लावण्यात आली. चेकोस्लोव्हाकियाचा ४२ फुटून चेकांना ४२० आणि स्लोव्हाकांना ४२१ मिळाला. कोसोव्होला स्वतःचा ३८३ मिळण्याआधी तिथले मोबाइल मोनॅको आणि स्लोव्हेनियाच्या कोडावर चालत. म्हणजे देश आणि कोड यांची जोडी कायमची नसते आणि एकास एक अशीही नसते. +१ हा कोड एकट्या अमेरिकेचा नाही. कॅनडा, जमैका आणि कॅरेबियन बेटे धरून वीसहून अधिक देश व प्रदेश तो वापरतात. +७ वर रशियाही आहे आणि कझाकस्तानही. त्यामुळे नुसता कोड पाहून माणसावर एखाद्या देशाचा झेंडा चिकटवणारे ॲप टोरांटोतल्या मराठी माणसाला बिनदिक्कत अमेरिकन ठरवून टाकते.

मग त्या + चिन्हाचे काय? ते शोभेचे नाही. परदेशी फोन लावायची सुरुवात प्रत्येक देशात वेगळी आहे. भारतात, युरोपात, आखातात दोन शून्ये, अमेरिकेत आणि कॅनडात ०११, ऑस्ट्रेलियात ००११. मोबाइलने यावर साधा तोडगा काढला. आपण + लिहायचे, आपण ज्या देशात उभे आहोत तिथली सुरुवात कोणती ते फोनच्या यंत्रणेने पाहून घ्यायचे. शून्याची कळ दाबून धरली की बहुतेक फोनांवर हे + उमटते. या एका चिन्हामुळे नंबर जगात कुठूनही एकाच तऱ्हेने लिहिता येतो. गावाचा पत्ता लिहिताना तालुका-जिल्हा लिहावा, तसेच हे. पत्र्या मारुतीजवळ म्हटले की पुण्यातल्या माणसाला कळते. बाहेरच्याला पुणे आणि महाराष्ट्र लिहूनच द्यावे लागते.

खरी गंमत शून्याची आहे. आपल्याकडे गावाच्या कोडाआधीचा शून्य देशातल्या देशात लावायचा असतो, +९१ लावले की तो गळतो. तरी कित्येक व्हिजिटिंग कार्डांवर +९१-०२० असे छापलेले सापडते, आणि ते तसेच्या तसे फिरवले तर फोन लागण्याची खात्री नाही. इंग्लंडचा मोबाइल तिथे ०७ ने सुरू होतो, पण +४४ नंतर शून्य जाऊन नुसता ७ उरतो. यावरून एखाद्या हुशार प्रोग्रामरने 'पुढचा शून्य काढून टाका' असा सरसकट नियम केला, तर इटली त्याला गाठते. रोमच्या लँडलाइनचा कोड ०६ आहे आणि +३९ नंतरही तो शून्य ठेवावाच लागतो. तिथे तो नंबराचाच भाग आहे. इटलीतल्याच मोबाइलला मात्र पुढे शून्य नसतो. मेक्सिकोत बाहेरून मोबाइलला फोन करताना +५२ नंतर एक जादा १ घालावा लागे, तो २०१९ च्या ऑगस्टपासून रद्द झाला. अर्जेंटिनात देशात मोबाइलला १५ लावायचे आणि बाहेरून +५४ नंतर ९. लांबीचेही तसेच. सिंगापूर, कुवेत, ओमान, कतार यांचे नंबर आठ आकडी, अमिरातीचे मोबाइल कोडानंतर नऊ आकडी, चीनचे अकरा आकडी. जर्मनीत तर एकाच शहरात वेगवेगळ्या लांबीचे नंबर सापडतात. दहा हा काही जगाचा आकडा नव्हे.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, चौकटीत नंबर बसला नाही तर ॲप 'चुकीचा नंबर' असे लाल अक्षरांत सांगेल, फार तर चिडचिड होईल. दुबईच्या किंवा सिंगापूरच्या नंबराचे असेच होते. पण जेव्हा नाकारायला हवा तो नंबर चौकट मुकाट्याने स्वीकारते, तेव्हा प्रकरण गंभीर होते.

माझी आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी घरात पडली, खुब्याचे हाड मोडले आणि शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात तिचे ऑपरेशन ठरले. तिचा एकुलता एक मुलगा न्यू जर्सीला. त्याला विमान मिळून इथे पोहोचायला दोन दिवस लागणार होते. रुग्णालयाचे स्वतःचे ॲप होते. रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकाचा नंबर त्यात घातला की ऑपरेशन सुरू झाले, संपले, रुग्णाला कुठे हलवले, तपासण्यांचे निकाल काय आले, हे सारे मेसेजने कळणार होते. नोंदणी करणाऱ्या मुलीने मुलाचा नंबर विचारला, तो सांगितला. चौकटीत +९१ आधीच होते आणि ते बदलता येत नव्हते. अमेरिकेचा नंबरही दहा आकडीच. तिथल्या त्या भागाचा कोड ७३२. सात या आकड्याने सुरू होणारे दहा आकडे, म्हणजे आपल्याकडचा बिनचूक मोबाइल नंबर! आपल्याकडचे मोबाइल ६, ७, ८ आणि ९ या आकड्यांनी सुरू होतात. ॲपने हिरवी खूण दाखवली आणि नोंदणी पूर्ण झाली.

त्या रात्री मुलगा तिकडे जागा होता आणि त्याच्या फोनवर काहीही येत नव्हते. इकडे उत्तरेतल्या कुठल्याशा राज्यात, ज्याचा आमच्याशी सुतराम संबंध नाही अशा एका गृहस्थाच्या फोनवर 'आपल्या रुग्णास अतिदक्षता विभागात हलवण्यात आले आहे' असा मेसेज गेला. नंतर रक्ताच्या तपासण्यांच्या निकालाचा दुवा गेला. मग बिलाचा आकडा गेला. तो गृहस्थ सज्जन. त्याची स्वतःची आई गावी होती, तिलाच काही झाले की काय या धास्तीने त्याने आधी घरी फोन केला आणि मग मेसेजमधल्या नंबरावर रुग्णालयाला. "हमारा तो कोई मरीज़ वहाँ नहीं है, भाईसाहब," असे त्याने सांगितले तेव्हा कुठे उलगडा झाला. आत्या बरी झाली, आता काठी टेकत का होईना पण बागेत जाते. तरी एका आईच्या तब्येतीची खबर मुलाऐवजी परक्या माणसाकडे गेली, हे उरलेच. काउंटरवर विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "सिस्टीम घेते तसं आम्ही घेतो."

त्या मुलीचा दोष नव्हता. चौकटीने तिला दुसरा पर्यायच ठेवला नव्हता. आणि ही फक्त न्यू जर्सीची गोष्ट नाही. टोरांटोचे ६४७ आणि ९०५ हे कोड, कॅलिफोर्नियातला ६५०, शून्य काढलेला इंग्लंडचा ७ ने सुरू होणारा मोबाइल, हे सगळे आपल्या चौकटीत बिनतक्रार बसतात आणि भलतीकडे जाऊन पोहोचतात. उलट बाजूनेही तेच. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांचा भारतीय नंबर तिथल्या औषधाच्या दुकानात दिला, तर ९८० ने सुरू होणारे दहा आकडे तिथल्या यंत्राला नॉर्थ कॅरोलायनातले वाटू शकतात. आपलीच चौकट तेवढी आखूड आहे असे नाही. आपला देश म्हणजे जग, असे समजणारे लोक सगळीकडे आहेत.

यावर उपाय काय? तो अवघड मुळीच नाही. देशाचा कोड निवडायची सोय द्यावी आणि +९१ आधी भरून ठेवले तरी ते बदलू द्यावे. कुणी + लावून पूर्ण नंबर चिकटवला तर तो समजून घ्यावा, मोकळ्या जागा, कंस आणि आडव्या रेघा मुकाट्याने गाळाव्यात. मराठी कळफलकावरून ९८ असे देवनागरी आकडे आले किंवा आखातातल्या फोनवरून अरबी आकडे आले, तर तेही वाचावेत. साठवताना नंबर + सकट पूर्ण साठवावा आणि तो मजकूर म्हणून साठवावा, संख्या म्हणून नव्हे. फोन नंबराला 'नंबर' म्हणतात म्हणून त्याची बेरीज-वजाबाकी करायची नसते. संख्या म्हणून साठवला की पुढचे + आणि शून्य गळून पडतात. हिशेबाच्या एक्सेलसारख्या तक्त्यात बारा आकडी नंबर टाकला तर तो कधी कधी ९.१९ई+११ अशा अवतारात दिसतो. सोसायटीच्या सभासदांची किंवा माजी विद्यार्थ्यांची यादी ज्यांनी केली आहे, त्यांनी हे रूप पाहिलेच असेल.

कोणत्या देशात किती आकडे, कुठला शून्य ठेवायचा, कुठला काढायचा, हे प्रत्येकाने स्वतः शोधायचेही कारण नाही. गूगलच्या अभियंत्यांनी 'लिबफोननंबर' नावाचा प्रोग्रामांचा एक संच तयार करून तो सर्वांना मोफत खुला केला आहे. जगभरच्या नंबरांचे नियम त्यात असतात आणि एखाद्या देशाने नियम बदलले की त्यातही दुरुस्ती होत राहते. अँड्रॉइड फोनमध्ये तो वापरला जातो. त्याच्यासोबत फोन नंबरांविषयीच्या प्रोग्रामरांच्या गैरसमजांची एक यादी दिलेली आहे. प्रत्येक माणसाला एक नंबर असतो, नंबरावरून माणूस नेमका ओळखता येतो, एकाचा नंबर पुढे दुसऱ्याला दिला जात नाही, ही त्यातली काही उदाहरणे. ही यादी मी नव्याने कामावर आलेल्या मुलांना आवर्जून वाचायला देतो. पहिले पान वाचून ती हसतात, दुसऱ्या पानावर आपला प्रोग्राम उघडून पाहू लागतात.

पण कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. सगळा आळसच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशातला एक मेसेज पाठवायला पैशांत खर्च येतो, परदेशी पाठवायला त्याच्या अनेक पट. त्यात लबाडीचा धंदा आहे. चोर एखाद्या ॲपकडे हजारो परदेशी नंबर देऊन ओटीपी मागवत राहतात आणि त्या मेसेजांच्या दरातला वाटा तिकडच्या सामील कंपनीकडून खिशात घालतात. ट्विटरला अशा बनावट मेसेजांपायी वर्षाला सुमारे सहा कोटी डॉलरचा फटका बसत होता, असे इलॉन मस्क यांनी २०२२ च्या डिसेंबरात सांगितले होते. आपल्याकडेही २०२३ च्या मे महिन्यात इंडोनेशियाच्या +६२, व्हिएतनामच्या +८४ आणि इथिओपियाच्या +२५१ या कोडांवरून व्हॉट्सॲपवर अनोळखी कॉलांचा सुळसुळाट झाला होता. २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारने, परदेशातून येऊन भारतीय नंबराचा मुखवटा घालणारे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत असे सुमारे एक कोटी पस्तीस लाख कॉल पकडले गेल्याचे जाहीर झाले. तेव्हा परदेशी नंबर म्हटला की बँकेचा अधिकारी दचकतो, हे समजण्यासारखे आहे.

मात्र दचकणे आणि दार लावून घेणे यांत फरक आहे. मनात आणले तर मार्ग निघतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. यूपीआय सुरुवातीला फक्त भारतीय मोबाइल नंबरावर चाले. अनिवासी भारतीयांची खाती इथे, पैसे इथे, पण नंबर तिकडचा म्हणून भाजीवाल्याचे पैसे देता येत नसत. जानेवारी २०२३ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सिंगापूर, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग, ओमान, कतार, सौदी अरेबिया, अमिराती आणि ब्रिटन या दहा देशांतल्या नंबरांवर अनिवासी खाती यूपीआयला जोडण्याची वाट मोकळी केली. सगळे जग एकदम घेतले नाही. जिथे आपली माणसे जास्त आहेत तिथून सुरुवात केली आणि बाकीचे नियम कडक ठेवले. यालाच व्यवहार म्हणतात.

जिथे असा मार्ग निघाला नाही, तिथे लोकांनी आपापला काढला आहे, आणि तो फारसा शहाणपणाचा नाही. परदेशी गेलेल्या मुलाचे जुने भारतीय सिम आईच्या दुसऱ्या फोनमध्ये घातलेले असते. तो फोन देवघराशेजारच्या कपाटात चार्जरला लावून ठेवलेला असतो. तिकडे मुलगा बँकेचे काम काढतो आणि इकडे पहाटे फोन येतो, "आई, ओटीपी आला का गं? सांग पटकन, मिनिटभरच असतो." आई चष्मा शोधत सहा आकडे वाचून दाखवते. एकीकडे बँका, पोलिस आणि टीव्ही कानीकपाळी ओरडून सांगतात, ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि दुसरीकडे या दहा आकड्यांच्या चौकटीने घरोघरीच्या आयांना फोनवर ओटीपी वाचून दाखवायची सवय लावून ठेवली आहे. उद्या कुणी "आई, मी बोलतोय, आवाज बसलाय, ओटीपी सांग" म्हणाला, तर ती माउली काय करेल? सुरक्षेसाठी म्हणून घातलेल्या कुंपणाला आपणच पाडलेले हे भगदाड आहे.

त्यातून ते सिम जिवंत ठेवायचे तर रिचार्ज विसरून चालत नाही. वापरात नसलेला नंबर काही काळाने बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांपर्यंत कुणाला दिला जात नाही, त्यानंतर तो देण्यापासून कंपन्यांना रोखता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात स्पष्ट केले; जुन्या नंबरावरचा आपला मजकूर वेळीच काढून टाकण्याची काळजी ज्याची त्याने घ्यायची. म्हणजे वडील आजारी पडले, घरात धावपळ झाली, कपाटातल्या फोनचे रिचार्ज राहून गेले, तर मुलाच्या बँकेची, विम्याची, प्राप्तिकराची किल्ली कुण्या तिऱ्हाइताच्या हाती जाण्याची शक्यता तयार होते. परदेशी नंबर सरळपणे घेणे यापेक्षा अधिक धोक्याचे आहे, असे मला तरी वाटत नाही.

माझे म्हणणे एवढेच की दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. पैशाचा व्यवहार ज्या नंबरावर अवलंबून आहे, तिथे हवे तेवढे नियम लावावेत. पण 'अडीअडचणीला कुणाला कळवायचे' या चौकटीत जगातला कोणताही नंबर लिहिता आला पाहिजे. शाळेच्या ॲपमध्ये जहाजावर नोकरी करणाऱ्या बापाचा, रुग्णालयात मस्कतला असलेल्या मुलीचा, वृद्धाश्रमात मेलबर्नच्या नातवाचा. मेसेज पाठवणे महाग असेल तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर कळवावे. व्हॉट्सॲपने २००९ पासून देशाच्या कोडासकट नंबर हीच माणसाची ओळख मानली आणि त्यावर सगळ्या जगाला एकमेकांशी बोलते केले. जे तिथे साधते ते रुग्णालयाच्या ॲपमध्ये का साधू नये?

तोपर्यंत आपल्या हाती आहे ते आपण करावे. फोनमधले सगळे नंबर +९१ लावून साठवावेत, म्हणजे परदेशी गेल्यावरही ते तसेच लागतात. तिकडच्या माणसांचे नंबर + आणि कोडासकट साठवावेत आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावावेत. आपण झोपेत असताना शेजाऱ्याला ते लावता आले पाहिजेत. दवाखान्यात नोंदणी करताना नातेवाईक परदेशी असेल तर चौकट हिरवी झाली म्हणून समाधान मानू नये. नंबर परदेशी आहे असे स्पष्ट सांगून तो कागदावर लिहून घ्यायला लावावा आणि गावातल्या कुणाचा तरी दुसरा नंबर द्यावा. आणि आपल्या ओळखीत, नात्यात कुणी ॲप बनवणारा मुलगा किंवा मुलगी असेल, आणि आजकाल ती प्रत्येक घरात असते, तर तिला जेवताना सहज विचारावे, "तुमच्या ॲपमध्ये मोरिशसच्या माणसाचा नंबर चालतो का गं?"

चौकट किती लांब ठेवायची, हा प्रोग्रामरच्या दृष्टीने दोन मिनिटांचा निर्णय असतो. पण आपल्या घरातले म्हणून कुणाला धरायचे आणि कुणाला दाराबाहेर उभे करायचे, हेही त्याच दोन मिनिटांत ठरून जाते. पोटापाण्यासाठी माणसे लांब गेली, लांबच्या माणसाचा नंबरही लांब झाला. नाती त्यामुळे आखूड झालेली नाहीत. चौकट चार आकड्यांनी वाढवायला कितीसा खर्च येणार आहे?